व्यवस्थापनातून अध्यापनाकडे: ओंटारिओत समता आणि समावेशन शिकवू इच्छिणाऱ्यांना उत्तर

कारखान्याच्या व्यवस्थापनात वीस वर्षे घालवल्यानंतर आणि कंपनीच्या विविधता समितीचे काम पाहिल्यानंतर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात येऊन कॉलेजात विविधता, समता व समावेशन हा विषय शिकवता येईल का, असे आपण विचारले आहे. मीही कंपनीतील वरिष्ठ पद सोडून येथे हाच विषय शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो. हे शक्य आहे. मात्र पूर्णवेळ जागा मिळेलच असे धरून हातची नोकरी सोडू नये.

जानेवारी २०२४ मध्ये कॅनडा सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा जाहीर केली. त्यांच्या शुल्कावर विसंबून असलेल्या येथील सार्वजनिक कॉलेजांनी त्यानंतर अनेक अभ्यासक्रम स्थगित केले आणि कर्मचारीही कमी केले. नव्या शिक्षकाला मिळते ती बहुधा एका सत्रापुरती, आठवड्याला ७ ते १२ तासांची कंत्राटी नेमणूक. शिवाय एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे स्थायी निवासासाठी गुणांवर निवड करण्याच्या कॅनडाच्या पद्धतीत, वयाचे गुण तिशीपासून घटत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात, तेव्हा आपल्या वयाचा हिशेब सर्वांत आधी करावा.

आता विषयाकडे येतो. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हापासून आपल्याकडे समतेचा विचार आरक्षणाच्या अंगाने होत आला आहे. कॅनडाने वेगळी वाट घेतली. न्यायाधीश रोझाली अबेला यांच्या १९८४ च्या अहवालानंतर १९८६ मध्ये एम्प्लॉयमेंट इक्विटी कायदा झाला. स्त्रिया, मूलनिवासी, अपंग व्यक्ती आणि दृश्य अल्पसंख्याक (मूलनिवासी सोडून इतर गोरे नसलेले लोक) या चार गटांचे आपल्याकडील प्रमाण मोजणे, त्यांच्या वाटेतील अडथळे शोधणे आणि ते दूर करण्याची योजना आखणे हे केंद्राच्या अखत्यारीतील मोठ्या नियोक्त्यांवर त्याने बंधनकारक केले; परंतु अंमलबजावणी करणाऱ्या आयोगाला कोणावरही कोटा लादता येत नाही, असे १९९५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या कायद्यातच नमूद आहे. हा भेद पक्का समजल्याशिवाय वर्गात उभे राहू नये, कारण कोट्याविषयीचा प्रश्न हमखास येतो.

आपल्या अनुभवाचे खरे मोल कोठे आहे, हे एका खटल्यावरून सांगतो. ब्रिटिश कोलंबियात टॉनी मेयोरिन ही स्त्री वणवे विझवण्याच्या पथकात उत्तम काम करत होती. पुढे शारीरिक क्षमतेची नवी चाचणी आली, आणि तीत अडीच किलोमीटर ११ मिनिटांत धावण्याची अट होती. मेयोरिन सुमारे ४९ सेकंदांनी मागे राहिल्या आणि त्यांची नोकरी गेली. ते काम सुरक्षितपणे करण्यासाठी हा निकष आवश्यक असल्याचे सरकारला सिद्ध करता आले नाही, म्हणून १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. असे निकष तुम्ही-आम्ही ठरवत आलो आहोत: रात्रपाळी कोणाला द्यायची, बढतीसाठी कोणता अनुभव मोजायचा, मुलाखतीला कोणाला बोलवायचे. निर्णयाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या वेळी काय दिसते आणि काय दिसत नाही, हे केवळ पुस्तके वाचलेल्या शिक्षकापेक्षा आपण अधिक नेमकेपणाने सांगू शकाल. अमेरिकेतील ७०८ आस्थापनांच्या २००६ च्या अभ्यासातही विविधतेविषयीच्या प्रशिक्षणाचा परिणाम क्षीण आढळला, तर कोणावर तरी निश्चित जबाबदारी सोपवल्याचा परिणाम अधिक दिसला. शिकवणाऱ्याने हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये, असे माझे ठाम मत आहे.

जातीविषयी बोलण्याची तयारीही ठेवावी लागेल. ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की जातीवरून होणारा भेदभाव प्रांताच्या मानवाधिकार संहितेखाली येतो. येथे आपण दृश्य अल्पसंख्याक ठराल. मायदेशी कदाचित सत्तेच्या बाजूचे असाल. मला या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, की एकच माणूस एका ठिकाणी वगळला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी वगळणारा असतो. आपण स्वतः कोठे उभे होतो हे सांगितल्याविना हा धडा शिकवता येत नाही, आणि वर्गात बसलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना ते टाळलेले लगेच कळते.

नोकरी शोधताना भेदभाव आपल्याही वाट्याला येऊ शकतो. अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांच्या टोरांटोतील प्रयोगात, शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही, इंग्रजी नावाच्या सुमारे १६ टक्के अर्जांना, तर भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावाच्या सुमारे ११ टक्के अर्जांना प्रतिसाद मिळाला. १ जानेवारी २०२६ पासून ओंटारिओत २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्यांना सार्वजनिक जाहिरातीत कॅनडातील अनुभवाची अट घालता येत नाही. निवड करणाऱ्यांच्या मनातील अट मात्र कायद्याने पुसली जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी पदव्यांचे मूल्यांकन करून घ्यावे, स्वतः घेतलेल्या दोन-तीन निर्णयांवर नावे वगळून वर्गात चर्चेला घेता येतील अशी प्रकरणे लिहावीत, आणि अर्जासोबत एका पूर्ण सत्राचा आराखडा जोडावा.