पॅरिसमधील ‘प्रिमाव्हेरा’ ही कार्यशाळा नेमकी काय होती?
‘प्रिमाव्हेरा’ ही ‘प्रँताँ’ या पॅरिसमधील प्रसिद्ध दुकानाने १९१२ साली स्थापन केलेली सजावटकलेची कार्यशाळा होय. रने गिलरे आणि त्यांच्या चित्रकार पत्नी शार्लोत शोशे-गिलरे यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. जुन्या राजेशाही शैलींच्या नकला विकण्याऐवजी आपल्या काळाला शोभेल असे फर्निचर, कापड आणि मातीची भांडी सामान्य ग्राहकाच्या घरापर्यंत पोहोचवावीत, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पुढे पॅरिसमधल्याच गॅलरी लाफायेत या दुकानाने ‘ला मेत्रिज’, तर बाँ मार्शे या दुकानाने ‘पोमोन’ ही अशीच कार्यशाळा काढली. १९२५ च्या पॅरिसमधील सजावटकलेच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिघींची स्वतंत्र दालने होती. प्रिमाव्हेराच्या दालनाच्या उंच, शंकूसारख्या काँक्रीटच्या छतात काचेचे भिंगासारखे गोटे बसवलेले होते.