वाचक विचारतात: छोट्या होडीलाबी नंबर पाहिजे का?

प्रश्न: दादा, आम्ही तिघा मित्रांनी हतनूरच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जायला एक छोटी फायबरची होडी घेतली, वल्ह्याची, तिला रजिस्ट्रेशन लागतं का? नुसता शौक आहे हो, धंदा नाही.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर: भाऊ, शौक असो का धंदा, कायदा आधी इंजिन बघतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यात इंजिनवाल्या बोटीला सर्वे (म्हणजे बोटीची तपासणी) आणि रजिस्ट्रेशन आहे, आपल्याकडं ते मुंबईच्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडं, म्हणजे बंदरं-बोटी बघणाऱ्या सरकारी मंडळाकडं. वल्ह्याच्या होडीची नोंद जिल्हा, तालुका, गाव पातळीवर करायची सोय त्यात ठेवलीय. उद्या मोटर बसवली की मामला बदलला. धरणात उतरायला पाटबंधारेवाल्यांची परवानगी वेगळीच बरं का.

मला विचाराल तर छोट्या होडीलाबी नंबर पाहिजेच, पण फी चहापाण्याएवढी आणि काम ग्रामपंचायतीत, नाहीतर कोण मुंबईला चकरा मारणार? २०१९ च्या संक्रांतीला नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेत भुशा पॉइंटला जास्त माणसं भरलेली नाव उलटली, लोकं गेली. नंबरानं होडी तरत नाही हे खरं, पण किती माणसं बसवायची ते तिच्यावर लिहिलेलं तर राहील.

आणि लाइफ जॅकेट तीन घ्या, दोन नाही.