डिमेन्शिया असलेल्या आईला डे केअरमध्ये घालायचंय पण ती नाही म्हणते, सुरुवात कशी करू?

आधी तुम्ही एकटेच जाऊन बघून या, आणि तेही कामकाज चालू असताना, म्हणजे स्टाफ पेशंटशी कसं बोलतो ते डोळ्यांनी दिसेल, माझ्या मते इमारतीपेक्षा तेच महत्त्वाचं. दुपारची गोळी कोण देणार, बाथरूमला नेणार का, कोणी दाराबाहेर निघून गेलं तर काय व्यवस्था आहे, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारा, उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरीकडे बघा.

आईला आठवडाभर आधीपासून सांगत बसू नका, ती विसरेल पण धास्ती मात्र राहील. त्या दिवशी सकाळी साधं सांगा, चल, जरा गाणी म्हणायला जाऊया. वाद नको. सुरुवातीला अर्धाच दिवस पाठवा, पण वार आणि वेळ ठरलेली ठेवा कारण या आजारात सवयच कामाला येते. संध्याकाळी बऱ्याच जणांची घालमेल वाढते म्हणून त्याआधीच घरी आणलेलं बरं.

स्टाफला एक कागद लिहून द्या: औषधं, ॲलर्जी, तिला काय नावाने हाक मारलेली आवडते, कशाने चिडते, कशाने शांत होते.

पहिले काही आठवडे ती कुरकुर करेल, लगेच बंद करू नका हो. आणि मोकळ्या वेळात तुम्ही खरंच झोपा, घरकाम राहू दे.