दोन कप शिजलेले छोले म्हणजे किती?

प्रश्न : हमसच्या पाककृतीत 'दोन कप शिजवलेले काबुली चणे' लिहिलंय. माझ्याकडे वजनकाटा आहे, मापाचे कप नाहीत. कोरडे किती भिजवू?

उत्तर : ताई, १५० ग्रॅम भिजवा. २४० मिलीच्या कपात निथळलेले शिजके छोले साधारण १६५ ग्रॅम बसतात, म्हणजे तुम्हाला ३३० ग्रॅम हवेत. भिजून-शिजून चण्याचं वजन सव्वादोन ते अडीच पट होतं. दोन-चार चमचे उरलेच तर कोशिंबिरीत घाला.

हाच आकडा सगळ्या कडधान्यांना मात्र लावू नका. राजमा कपाला १७५ ग्रॅमच्या आसपास भरतो. अख्खा मसूर २०० च्या जवळ जातो, कारण त्याचे चपटे, मऊ दाणे एकमेकांना बिलगून बसतात.

माझा आग्रह एकच : चाळणीत पाच मिनिटं नीट निथळू द्या, मगच काट्यावर ठेवा. पाण्यासकट तोललेल्या चण्यांचा काही भरवसा नाही. ते पाणी फेकू मात्र नका, हमस सैल करायला तेच उत्तम. आणि डबाबंद छोले आणलेत, तर ४०० ग्रॅमच्या डब्यातून निथळून २४० ग्रॅमच्या आसपास निघतात, म्हणजे जेमतेम दीड कप.