गुडघ्याच्या झिजेत प्रतिकारशक्तीचा हात किती?

प्रश्न : वय 61, वजन 78 किलो. उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये ‘गॅप कमी झाला आहे’ असे आले. भाचा म्हणतो, ही झीजसुद्धा शरीराने स्वतःवरच केलेल्या हल्ल्यातून होते, असे आता सिद्ध झाले आहे. मग आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णांना देतात ती मेथोट्रेक्सेटसारखी औषधे मलाही सुरू करावीत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण निम्मेच. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो तिच्यात, रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तिच्यातले टाइप 2 कोलेजन आणि अ‍ॅग्रिकॅन ही प्रथिने एरवी प्रतिकारशक्तीच्या नजरेआड राहतात. वाढते वजन, जुनी दुखापत, फाटलेला मेनिस्कस (गुडघ्यातली चकतीसारखी कूर्चा) किंवा गुडघ्यातून बाहेर वाकलेले पाय यांमुळे कूर्चा झिजू लागली, की या प्रथिनांचे तुकडे सांध्यातल्या द्रवात मिसळतात. सांध्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांना धोका समजून चवताळतात आणि इंटरल्यूकिन-1, टीएनएफ अशी दाह वाढवणारी रसायने सोडतात. मग कूर्चेतल्याच पेशी एमएमपी-13 आणि एडीएएमटीएस-5 ही विकरे (एन्झाइम्स) बनवू लागतात. पहिले कोलेजन तोडते, दुसरे अ‍ॅग्रिकॅन. त्यातून आणखी तुकडे सुटतात आणि दाह चालू राहतो.

रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनसाखळीही यात भाग घेते. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले, की या साखळीतले सी-5 प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये गुडघ्याची झीज बरीच कमी होते. झिजेच्या काही रुग्णांच्या रक्तात टाइप 2 कोलेजनविरुद्ध प्रतिपिंडेही सापडतात. मात्र आमवातात दाह आधी आणि हाडाची हानी नंतर असा क्रम असतो. तुमच्या प्रकारात बहुधा यांत्रिक ताण आधी येतो आणि प्रतिकारशक्ती मागाहून त्यात तेल ओतते.

औषधांच्या चाचण्यांमध्ये हा फरक स्पष्ट दिसला. हाताच्या झिजेच्या 248 रुग्णांना ब्रिटनमध्ये वर्षभर आमवातातले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध किंवा नकली गोळी दिली. 2018 मध्ये निष्कर्ष आले आणि वेदनेत फरक आढळला नाही. टीएनएफ रोखणारे अ‍ॅडालिमुमॅबही हातांच्या झिजेत निष्फळ ठरले. ऑस्ट्रेलियात 2023 मध्ये आठवड्याला 20 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेटने वेदना थोडी कमी झाली, पण ते रुग्ण हातांच्या झिजेचे होते आणि त्यांच्या सांध्यांना दाहाची सूज होती. गुडघ्याच्या साध्या झिजेसाठी हे औषध नेहमीच्या उपचारात बसत नाही. शिवाय ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर रक्तपेशी घटून जीव धोक्यात येतो. स्वतःहून कधीही सुरू करू नका.

तुमच्या हाती असलेला खरा उपाय म्हणजे वजन आणि मांडी. 1 किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी हलका होतो. 7-8 किलो उतरवायचे ध्येय ठेवा. मांडीसाठी खुर्चीवर ताठ बसा, एक पाय सरळ करा, मांडी आवळून 5 सेकंद धरा, सावकाश खाली घ्या. प्रत्येक पायाने 10 वेळा, दिवसातून 3 फेऱ्या. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात, आणि फरक जाणवायला 6 ते 8 आठवडे लागतात. व्यायामानंतर दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले, तर बंद करू नका, संख्या निम्मी करा. मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे मात्र टाळा.

प्रश्न : वय 54. दोन्ही हातांच्या बोटांना नखांजवळच्या पेरांवर टणक गाठी आल्या आहेत. रक्तातला आरए फॅक्टर (आमवाताच्या तपासणीतले प्रतिपिंड) 26 आला. मला आमवात झाला आहे का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : वर्णनावरून शक्यता कमी वाटते. नखांजवळच्या पेरांवरच्या टणक गाठी झिजेत येतात; त्यांना हेबरडेन गाठी म्हणतात. आमवात मनगटे, बोटांच्या मुळांचे आणि मधले सांधे धरतो, सूज दाबल्यावर मऊ लागते आणि सकाळचा ताठरपणा बहुधा तासाहून जास्त टिकतो. झिजेत तो अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

आरए फॅक्टर निरोगी माणसांपैकी सुमारे 5 टक्क्यांत पॉझिटिव्ह येतो आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. हिपॅटायटिस-सी किंवा क्षयरोगातही तो वाढतो. किंचित वाढलेल्या एका आकड्यावरून वर्षानुवर्षे चुकीची औषधे घेणारे रुग्ण आहेत, आणि हे थांबायला हवे. अँटी-सीसीपी (आमवाताची अधिक नेमकी रक्ततपासणी), दाह मोजणाऱ्या सीआरपी व ईएसआर या तपासण्या आणि हातांचा एक्स-रे करून घ्या. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली, तर लगेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाततज्ज्ञांना) दाखवा. दोन गोष्टी तपासा : अंगावर किंवा डोक्यात सोरायसिसचे चट्टे, नखांवर खड्डे आहेत का? सोरायसिसचा संधिवातही नखांजवळची पेरे धरतो. आणि गेल्या काही महिन्यांत चिकुनगुनिया झाला होता का? त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्महिने हुबेहूब आमवातासारखी वागते.

प्रश्न : गुडघ्यात दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन चालेल का?

उत्तर : नेमाने नको. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत 140 रुग्णांना 2 वर्षे दर 12 आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड किंवा साधे सलाइन टोचले. स्टेरॉइड गटात कूर्चेची जाडी 0.21 मिलिमीटरने घटली, सलाइन गटात 0.10 ने, आणि वेदनेत फरक नव्हता. गुडघा सुजून पाणी भरले असेल, तेव्हा एखादे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर आधी सांध्यातले पाणी काढून जंतुसंसर्ग तपासायलाच हवा.

प्रश्न : टाइप 2 कोलेजनच्या गोळ्यांनी गादी परत तयार होते का?

उत्तर : नाही. 40 मिलिग्रॅमची ‘अनडिनेचर्ड’ (मूळ रचना न मोडलेल्या कोलेजनची) गोळी गादीला कच्चा माल पुरवते असा समज आहे. त्यासाठी ही मात्रा फारच तोकडी. तिच्यामागची कल्पना वेगळी आहे : हे प्रथिन रोज आतड्यातून ओळखीचे झाले, की प्रतिकारशक्ती त्याच्याबाबत सौम्य होईल. आमवातातही ही कल्पना आजमावली गेली, पण निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. झिजेवरच्या चाचण्या लहान आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच उत्पादकांच्या पैशावर झाल्या आहेत. महिन्याचे बजेट मोजके असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टच्या दोन-चार भेटी घ्या. उरले, तर डायक्लोफेनॅक जेल आणा आणि डॉक्टरांना विचारून लावा.