डिस्क झोपली, पंखा मात्र जागाच

प्रश्न : मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. माडीवरच्या लिनक्स संगणकात चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क आहेत. रात्री नऊला हिशेबाचा बॅकअप, एवढंच त्यांचं काम. तरी समोरचा पंखा चोवीस तास घोंघावतो आणि हळदीची धूळ आत ओढतो. डिस्क रिकाम्या असताना तो आपोआप मंद करता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : येईल, पण काम नसलेली, रिकामी डिस्क म्हणजे झोपलेली डिस्क नव्हे. रिकामी असतानाही तबकडी फिरतच असते आणि साडेतीन इंची डिस्क तेव्हाही चार-पाच वॅटची उष्णता सोडते. 'स्टँडबाय'मध्ये तबकडी थांबते. पंखा मंद करायचा तो तेव्हाच.

एचडीपार्म या डिस्क हाताळणाऱ्या लिनक्स कमांडच्या मोठ्या (कॅपिटल) 'एस' पर्यायाला २४१ द्या, म्हणजे अर्धा तास काम नसलं की डिस्क थांबेल. १२० दिलं तर दहा मिनिटांत थांबते. पण दिवसा कुणी मधूनच जुनी हिशेबपट्टी उघडून बघत असेल, तर ती सारखी झोपते-उठते आणि मोटरला ते मानवत नाही. लिनक्स स्वतः एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगळ्या डिस्कवर हवं. त्याच डिस्कवर असेल, तर लॉगच्या नोंदी तिला झोपूच देणार नाहीत. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग तिथे होत असेल, तर हा सगळा खटाटोप सोडा.

आता पंखा. पीडब्ल्यूएमकॉन्फिग ही पंखे तपासणारी कमांड चालवा. ते एकेक पंखा थांबवून दाखवतं, म्हणजे डिस्कसमोरचा कोणता ते कळतं. प्रोसेसरच्या पंख्याला हात लावू नका. सिस्टिमच्या 'एचडब्ल्यूमॉन' फोल्डरमध्ये (पंखे, तापमान यांच्या फाइली इथे असतात) त्या पंख्याच्या 'इनेबल' फाइलचा आधीचा आकडा टिपून ठेवा, मग तिथे १ लिहा. आता वेग ० ते २५५ मध्ये तुमच्या हाती. दहा-दहाने उतरत जा. समजा ४० ला पंखा थांबला, तर मंद वेग ७० ठेवा. थांबलेला पंखा सुरू व्हायला चालत्यापेक्षा जास्त जोर लागतो, म्हणून काठावर खेळू नका.

मग दर मिनिटाला आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी असलेली फाइल, लिहा. एचडीपार्मचा मोठा 'सी' पर्याय दोन्ही डिस्कची अवस्था सांगतो आणि त्यांना उठवत नाही. दोन्ही सलग पाच मिनिटं स्टँडबायमध्ये दिसल्या तर ७०, एक जरी जागी असली तर लगेच १६०, तापमान ४५ अंशांच्या वर गेलं तर २५५. बहुतेकांचं चुकतं ते तापमान विचारताना : डिस्कची तब्येत आणि तापमान सांगणारी स्मार्टसीटीएल कमांड नुसती चालवली तर झोपलेल्या डिस्कला उठवू शकतं, मग रात्रभर उठ-बस. तिला 'स्टँडबाय असेल तर वगळ' हा छोट्या 'एन'चा पर्याय द्यायलाच हवा. डिस्कवर सतत नजर ठेवणारं स्मार्टडी पार्श्वभूमीला चालू असेल, तर त्यालाही तोच.

आणखी दोन खाचा. 'एचडब्ल्यूमॉन'चा क्रमांक रीस्टार्टनंतर बदलू शकतो, म्हणून चिप क्रमांकाने नाही, 'नेम' फाइल वाचून शोधा. आणि स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर पंखा ७० वरच अडकेल, वर बॅकअप चालू! थांबताना टिपलेला आकडा 'इनेबल'मध्ये परत जाईल, अशी सोय स्क्रिप्ट चालवणाऱ्या सर्व्हिसमध्येच करा.

पंखा मंद झाला तरी हळद आत जायची ती जाणारच. जाळी आठवड्याला काढून झटका.

प्रश्न : आकडा कितीही बदला, पंख्याचा वेग तोच राहतो.
— एक वाचक, कराड

उत्तर : पंख्याची वायर मोजा. तीनच असतील तर त्याला पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग सांगणारा चौथ्या वायरवरचा संकेत, कळत नाही, वेग व्होल्टेजने बदलावा लागतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) त्या कनेक्टरला 'डीसी' मोड द्या. ती सोयच नसेल, तर चार वायरचा पंखा आणा.