तळ्याचा श्वास

प्रश्न : मी नागपुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करते. घराजवळच्या तळ्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे लिटरला २.८ मिलिग्रॅम आला, दुपारी ११. मैत्रिणी म्हणतात, एक आकडा चुकलाच. कुठला खोडू?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : एकही नको खोडू, बाई! पाणी हिरवट होतं का, हे तू लिहिलं नाहीस, पण असणारच. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री ते बंद, श्वास मात्र सगळ्यांचाच चालू : शेवाळाचा, माशांचा, तळच्या गाळातल्या जिवाणूंचा. म्हणून पहाटे तळं सर्वांत कंगाल. ३० अंशांच्या पाण्यात हवेतून मुरून लिटरला साधारण ७.५ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. तुझे ११ म्हणजे शेवाळाची कमाई. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद जितकं जास्त, तितका हा झोका मोठा. मेलेले मासे सकाळीच का तरंगताना दिसतात, ते आता कळलं असेल.

पण प्राणवायू मोजायला रसायनांची विंकलर पद्धत वापरलीस ना? मग बाटली काठावरच ‘फिक्स’ केली होतीस का, म्हणजे रसायनं घालून त्यातला प्राणवायू तिथेच पकडून ठेवला होतास का? मी विद्यार्थी असताना एकदा फुटाळा तलावाचा नमुना तसाच सायकलला लटकवून प्रयोगशाळेत आणला होता. सरांनी बाटली बघितली आणि सरळ बेसिनमध्ये ओतली. मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड तिथल्या तिथे घालायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही.

आता दर तीन तासांनी, पूर्ण २४ तास नमुने घे. सोबत तापमानही. रात्री एकटी जाऊ नकोस, भावाला उठव.